भांडं कुणाचं

आमच्या दादांना, म्हणजे वडलांना, दिवसभरात दोनच प्रश्न विचारायचे असत. गिऱ्हाइकानं भांडं पुढं ठेवलं की पहिला प्रश्न, “नाव काय घालू?” गिऱ्हाइकानं नाव सांगितलं की दुसरा, “म्होरं?” म्हणजे नावाच्या पुढं काय ते सांगा, बापाचं, नवऱ्याचं, आडनाव, गाव, जे काय असेल ते. बाजारातल्या एका भांड्यांच्या दुकानाबाहेर फळीवर गोणपाट टाकून ते बसायचे. मांडीवर भांडं, डाव्या हातात छिन्नी, उजव्या हातात एवढीशी हातोडी. टिक टिक टिक टिक, ठिपक्याला ठिपका लागत अक्षर उमटायचं. आधी पेन्सिलीनं आखून घ्यायचं वगैरे भानगड नाही. गिऱ्हाईक दुकानदाराशी घासाघीस करत असायचं तोवर इकडं नाव तयार. सोलापुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत आमच्या दादांचं अक्षर आहे, असं मी अजूनही लोकांना ठणकावून सांगते. कुणाला खोटं वाटत असेल तर त्यानं आपल्या आजीचा तांब्या काढून बघावा. ‘श्री’ची वेलांटी जरा जास्तच मागं वळलेली दिसली तर खुशाल समजावं, आमच्या दादांचं काम.

आम्ही भवानी पेठेत एका चिंचोळ्या बोळात राहायचो. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, आणि भिंतीपलीकडं एका तेलुगू कुटुंबाचे टॉवेलचे माग. खटाक-खटाक, खटाक-खटाक, दिवसभर. त्या आवाजावर मात करून बोलायची आम्हाला इतकी सवय की आजही मी फोनवर ओरडते आणि माझी सून फोन कानापासून हातभर लांब धरते. दुपारी वीज गेली की माग थांबायचे, आणि त्या शांततेनं डुलकी लागलेली आई दचकून उठायची. आई भाकरी करायची, माझी थोरली बहीण शकुआक्का भाकरी करायची, पण दोघींच्या भाकरीत फरक होता आणि तो आईसुद्धा कबूल करायची. आक्काची कडक भाकरी म्हणजे काय सांगू! पातळ, गोल, कुठं जाड नाही की कुठं करपलेली नाही. तव्यावरून उतरवली की चुलीच्या धगीला उभी करून ठेवायची, गार झाली की बोटानं वाजवून बघायची. कड्क करून मोडायची, उखळात कुटलेली शेंगाची चटणी, वर कच्चं तेल आणि कांदा. मी पुढं पुष्कळ ठिकाणी पुष्कळ काही खाल्लं. असू द्या.

आम्ही बौद्ध. दादांच्या हातची अक्षरं कुणाच्याही चुलीपर्यंत जायची आणि दादा बऱ्याच घरांच्या पायरीशी थांबायचे. ते दुखणं जुनंच आहे, उगाळत बसत नाही. इथं सांगायचा आहे तो दादांचा एक नियम. जुनी भांडी कुणी विकत घेतली की त्यांवरचं आधीचं नाव घालवायला लोक दादांकडं आणायचे. नावावरच दाट ठिपके मारून ते बुजवायचं आणि शेजारी नवं घालायचं. पण नाव बुजवण्याआधी दादा विचारायचे, “मानूस हाय का गेला?” माणूस गेलेला असला, तरच छिन्नी लावायची. जिवंत माणसाचं नाव भांड्यावरून बुजवलं की त्याच्या जिवाला धोका, अशी आमच्या मुलखात समजूत. बायका तर असं नाव बुजवताना बघायलाही थांबायच्या नाहीत. दादा स्वतः देवळात न जाणारा, ना नारळ फोडणारा ना कौल लावणारा माणूस. मी एकदा विचारलं, “दादा, तुमी मानता व्हय हे?” तर म्हणाले, “मी न्हाय मानत. पर गिऱ्हाईक मानतंय की. उद्या त्या मानसाला नुसता ताप आला तरी माज्या छिन्नीचं नाव निगंल.” भावाभावांची वाटणी झाली आणि एकजण थोरल्या भावाचं नाव बुजवायला पातेलं घेऊन आला, तर दादांनी ते तसंच परत दिलं होतं. चांगलं रोख काम गेलं म्हणून आई दोन दिवस धुसफुसत होती.

शकुआक्काचं लग्न माढ्याकडच्या एका खेड्यात झालं. लग्नात द्यायला मोठा हंडा, दोन पातेली, कळशी, तांबे, डबे आणि एक परात. परात एवढी मोठी की मी लहान असते तर तीत बसून अंघोळ केली असती. सगळी भांडी दादांनी घरी आणली आणि पडवीत बसून स्वतःच्या हातानं त्यांवर नाव घातलं. कुणाचं? जावयाचं. जावयाचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, आडनाव, मुक्काम पोस्ट, तालुका माढा. मी भांडी धरत होते. आक्का दारात उभी राहून बघत होती, आणि खुशीत होती, खोटं कशाला सांगू. तेव्हा सगळे तसंच घालायचे. दादांना तर भारी अभिमान. माझ्या लेकीच्या भांड्यावरचं अक्षर अख्ख्या तालुक्यात उठून दिसलं पाहिजे म्हणाले. एका भांड्यावरही त्यांनी आक्काचं नाव घातलं नाही, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

जुलेखाआपा आमच्याकडं आल्या त्या आक्काच्या लग्नानंतर. मुलींच्या उर्दू शाळेत अरबी शिकवायच्या, लग्न केलेलं नव्हतं, दोन बोळ सोडून भावाच्या घरात राहायच्या. उंच, काटक, चष्म्याला दोरी. एक देगची आणि एक लोटा घेऊन त्या दादांच्या फळीपुढं उभ्या राहिल्या. शाळा सुटल्यावर मी दादांच्या मदतीला जायची, म्हणून तिथं होते. “नाव काय घालू?” दादांनी विचारलं. “जुलेखा. हमारे लिखावट में.” दादा म्हणाले, “आपा, ती लिपी मला येत न्हाय. मराठीत घालतो की झकास.” आपा हटेनात. “मराठीत नक्को. वहिनीशी चूल वेगळी केली मी. माझी देगची माझ्या अक्षरात पाहिजे.” मी मधेच तोंड घातलं. म्हटलं, कागदावर लिहून द्या, मी घालते. दादांनी डोळे वटारले, पण आपांनी लिहून दिलं, आणि मी छिन्नी हातात घेतली.

तो पराक्रम काय वर्णावा! सगळी अक्षरं हुबेहूब काढली, पण ती लिपी चालते उजवीकडून, आणि मी सुरुवात केली डावीकडून, आपल्या सवयीनं. देगचीच्या कानाजवळ पोचेपर्यंत जागा संपली, आणि ज्या अक्षरानं नाव सुरू व्हायचं तेच बिचारं कानाखाली अंग चोरून बसलं. आपांनी देगची हातात घेतली, चष्मा वर केला, आणि भर बाजारात अशा हसायला लागल्या की दुकानदार बाहेर आला. “क्या गे छोकरी! शेपटीकडून बैल धरला तू.” दादा शरमले, देगची बदलून देतो म्हणाले. आपा म्हणाल्या, “राहू दे. ही शिकेल तेव्हा दुसरीवर घालून देईल. उद्यापासून पाठव हिला.” दादा होही म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मी मात्र दुसऱ्या दिवशी गेले. नाव उलटं घातलं म्हणून मला कुणीतरी हसलंय, हे मला झोपू देत नव्हतं. आपण लिहायचं तर नीट लिहायचं, एवढंच डोक्यात होतं.

गेले होते अक्षरं शिकायला, अडकले भाषेत. आपांची खोली घराच्या मागच्या अंगाला, तिला वेगळं दार. एक खाट, एक स्टोव्ह, फडताळात मोजकी भांडी. दालचा शिजत असायचा, चिंचेचा आणि दुधी भोपळ्याचा वास, आणि आपा डाव हलवता हलवता शिकवायच्या. पुस्तक कमी, भांडी जास्त. देगची वर धरायच्या. “किद्र. म्हणजे देगची. आता माझी देगची कसं म्हणशील?” मी ‘माझी’ला शब्द विचारायची. आपा मान हलवायच्या. “वेगळा शब्द नाही. तुम्ही लोकं मालकाला आधी आणता, माझी देगची, तुझी देगची. अरबी में पहले चीज. मालक नंतर, तो भी शेपटीला चिकटून. किद्री, माझी देगची. समोर बाई असली तर किद्रुकी, तुझी. बाप्या असला तर किद्रुका. त्याची, किद्रुहू. तिची, किद्रुहा.” ‘किद्रुकी’ मला एका दिवसात पाठ झालं, सोलापूरकराला वाक्याच्या शेवटी ‘की’ लावायला कुणी शिकवावं लागतं का! मग लोटा, चमचा, किल्ली, घर, हात, डोकं. आपा स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायच्या, मग माझ्या डोक्यावर टपली मारायच्या, आणि मी ‘माझं’, ‘तुमचं’ करत शेपट्या लावत बसायची. माझ्या बोटांना ते लगेच कळलं, कारण दादांच्या मांडीवर मी जन्मभर तेच बघत आले होते. आधी भांडं, मग त्याला चिकटलेलं नाव.

एकदा मात्र मी भांडले. ‘आपली देगची’ आणि ‘आमची देगची’, दोन्हींना आपा एकच सांगत होत्या, किद्रुना. मी म्हटलं, असं कसं? आपली म्हटलं तर तुम्हीपण त्यात आलात. आमची म्हटलं तर तुम्ही बाहेर. केवढा फरक आहे! आपांनी डाव देगचीत फिरवला. मग म्हणाल्या, “वाळवंटात आलेल्याला बाहेर कौन रखता गे? सगळे आतच.” आणि माझ्या ताटलीत दालचा वाढला. आम्ही जेवलो. निघताना मला डब्यात थोडा दिला, आणि दुसऱ्या दिवशी आईनं त्याच डब्यात शेंगाची चटणी भरून पाठवली.

अकरावीला मी कॉलेजात अरबी घेतली. खिडकीतल्या कारकुनानं माझं आडनाव वाचलं, माझ्याकडं बघितलं, परत वाचलं. “बाळ, चुकून लिहिलंस का?” म्हटलं, चुकून लिहायला मी काय आंधळी आहे? तेव्हापासून हा प्रश्न मला किती जणांनी विचारला असेल! नात्यातल्यांनी विचारला, वर्गातल्या मुलींनी विचारला, पुढं मी स्वतः अरबी शिकवायला लागले तेव्हा पहिल्या तासाला बसलेल्या पोरांच्या तोंडावर तो दिसायचा. पण आपा एकदाही म्हणाल्या नाहीत की तू कशाला शिकतेस.

त्याच वर्षी, दिवाळीच्या आधी, आक्का परत आली. हातात एक पिशवी, पायात वहाणा, दुसरं काही नाही. दाजी पुण्याला कामाला होते आणि तिथून त्यांनी दुसरी बाई आणली होती. सासूनं आक्काला सांगितलं, तू थोरली, तू चूल सांभाळ, ती धाकटी, ती त्याच्यासंगं राहील. जशी काही म्हशींची दावण लावायची होती! आक्कानं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी एसटी धरली. आई रडली. दादा पडवीत जाऊन बसले, भांडं नव्हतं तरी हात मांडीवर भांडं धरल्यासारखेच. आक्का मात्र रडली नाही. म्हणाली, “मी दोगींत वाटून राहनार न्हाय. मला तितं परत पाटवायचं नाव काडू नका.” मग उठून पीठ मळायला बसली.

आणि महिन्याभरात तिनं काम मिळवलंसुद्धा. कॉलेजजवळच्या एका मुलींच्या वसतिगृहाला रोज कडक भाकरी आणि चटणी पुरवायची. तिथल्या बाईंनी आमच्याकडची एक भाकरी मोडून खाल्ली आणि तिथल्या तिथं हो म्हणाल्या. अडलं ते भांड्यांपाशी. आमच्या घरात एकच परात, तीही ताटाएवढी. पाण्याला मातीचा माठ. एवढ्या पोरींच्या भाकऱ्यांचं पीठ मळायचं कशात? नवीन घ्यायची ऐपत नव्हती. आणि आक्काची स्वतःची परात, स्वतःचा हंडा, सगळं माढ्याकडं त्या घरात पडून. दादांनी चुलत्यांकरवी निरोप धाडला. उलटा निरोप आला, भांड्यांवर नाव आमचं आहे, भांडी आमची. पाहिजे तर पोरीला पाठवा, चूल तिचीच आहे. म्हणजे भांड्यांची दोरी बांधून आक्काला ओढायचं होतं त्यांना. वसतिगृहाच्या बाई चांगल्या होत्या, पण किती थांबणार? पहिल्या तारखेपासून सुरू करा, नाहीतर मी दुसरीकडं बोलते, असं त्यांनी सांगून टाकलं. चुलते म्हणाले, सोडून द्या भांडी. आई म्हणाली, नाहीतर चार महिने जाऊन राहू दे तिला, पुढचं पुढं. आईच्या तोंडून ते ऐकलं आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मी आपांकडं गेले ती अशीच धुमसत. आपांनी नेहमीप्रमाणे देगची वर धरली. “तिची.” मी गप्प. “बोल की. किद्रु...” माझ्या डोळ्यांत पाणी यायला लागलं, ते रागाचं होतं. सगळं सांगितलं. आपांनी स्टोव्ह बारीक केला. म्हणाल्या, “मी चूल वेगळी केली तेव्हा भाईजान म्हणाले, देगची आमची आहे. मी म्हटलं, तो मैं दुसरी लाती. पण तुझ्या आक्काकडं दुसरी आणायला नाही. मग पहिलीच आणायला पाहिजे.” मी म्हटलं, दादा जाणार नाहीत, त्यांना लाज वाटते, स्वतःच्याच हातानं नाव घातलंय ना. “मग तू जा. इथं बसून शंभर दफे ‘तिची, तिची’ बोललीस तर परात चालत येणार का गे?” असं म्हणून त्यांनी दार उघडलं आणि मला अक्षरशः बाहेर काढलं. “परात आली की सबक पुढं.”

घरी गेले आणि पडवीतच सांगितलं, उद्या मी आणि आक्का माढ्याला जाणार, कुणी येवो न येवो. आई कपाळाला हात लावून बसली. दादा उठून आत गेले. पण सकाळी आम्ही निघालो तर ते धुवट सदरा घालून बोळाच्या तोंडाशी उभे, खांद्याला नेहमीची पिशवी, छिन्नी-हातोडीची. कामाला नसले तरी ती त्यांच्या खांद्यावर असायचीच. एसटीत बाहेर उसाचे फड बघत बसले. माढ्याला उतरून गावापर्यंत चालत गेलो.

आक्काची सासू, तिला मी मावशी म्हणायची, अंगणात ज्वारी पाखडत होती. दाजी पुण्याला, घरात मावशी आणि ती नवी; आक्का गेल्यावर चुलीला तिलाच ठेवलेलं. आम्हाला बघून मावशीनं आधी पाणी दिलं, गोड बोलली. शकू आली का, बरं झालं, आपलंच घर हाय की. दादांनी भांड्यांचं काढलं आणि ‘आपलं’चं ‘आमचं’ व्हायला एक क्षणही लागला नाही. “आमची भांडी हायत ती. वाचा की! नाव कुनाचं हाय? माज्या लेकाचं. आनि घातलंय कुनी? तुमीच न्हवं?” भिंतीपलीकडनं शेजारणी डोकावायला लागल्या. मावशीनं स्वतः परात उचलून आणली, दादांच्या पुढं धरली आणि बोटानं एकेक अक्षर दाखवायला लागली, शाळेतल्या पोराला दाखवावं तसं. मागं वळलेली वेलांटी, स्वच्छ, सुंदर. दादांची मान खाली. त्यांचं एवढं देखणं अक्षर, आणि त्यांना ते बघवत नव्हतं. ते मी बघितलं, आणि माझं मस्तक फिरलं.

मी दादांच्या खांद्यावरची पिशवी ओढून घेतली. मावशीच्या हातातली परात घेतली, उंबऱ्यात बसले आणि मांडीवर ठेवली. म्हटलं, “खरंय तुमचं मावशी. नाव तुमच्या लेकाचं, भांडं माझ्या बहिणीचं. तुमचं तुम्हाला देते आणि आमचं आम्ही नेतो.” छिन्नी काढली आणि दाजींच्या नावाच्या पहिल्या अक्षरावर टेकवली. “बुजवून टाकते. मग कुणाचंच नाव राहणार नाही, भांडणही नाही.”

मावशी पाखडायचं सूप तुडवत पुढं धावली. “अगं ए! जित्या मानसाचं नाव हाय ते! माज्या लेकाचं नाव हाय!” शेजारणींपैकी एक तर तोंड फिरवून पळालीच. मावशी आक्काकडं वळली, “शकू, तू तरी सांग की हिला! तुजाच नवरा हाय.” आक्का म्हणाली, “मला त्यांचं वाईट करायचं न्हाय, आत्याबाई. मला माजी परात पायजे.” मग मावशी दादांपुढं गेली. “आवो, तुमी शाने हायसा, तुमी असलं करत न्हाय, सगळ्यास्नी ठावं हाय. आवरा की पोरीला!” मी दादांकडं बघितलं. कारण दादा नको म्हणाले असते तर मी काय केलं असतं, ते मला माहीत नव्हतं. त्यांचा जन्मभराचा एकच नियम, आणि मी तो त्यांच्याच छिन्नीनं त्यांच्यादेखत मोडायला निघालेली. दादा माझ्याशेजारी येऊन उकिडवे बसले. परात माझ्या मांडीवर जरा वर सरकवली, आणि नेहमीच्या आवाजात, जसं दुकानाबाहेर सांगायचे तसं म्हणाले, “घट्ट धर. छिन्नी आडवी धरलीस, सरकंल.”

मी हातोडी उचलली. ती खाली यायच्या आत मावशीनं माझं मनगट धरलं.  “न्या बाई! सगळं न्या! हंडा न्या, डबे न्या, पर त्याच्या नावाला हात लावू नगंस.” आणि ओट्यावर बसून ती रडायला लागली. मला तिची दया आली, हेही सांगते. लेकाचं वागणं तिला काय आवडलं होतं? पण दया आली म्हणून मी परात खाली ठेवली नाही. भांडी आतून कुणी आणून दिली असतील? त्या नव्या बाईनं. एकेक करत उंबऱ्याशी ठेवत गेली, शेवटचा तांब्यासुद्धा विसरली नाही, आणि सगळ्यात शेवटी आक्काची पोळपाट-लाटण्याची पिशवी आणली, जी आम्हाला आठवणीतही नव्हती. दोघी एकमेकींकडं बघत उभ्या राहिल्या. आक्का म्हणाली, “सांबाळून ऱ्हा.”

मी हे घरात सांगते तेव्हा माझी नात हटकून विचारते, आजी, तू खरंच बुजवलं असतंस? असतं. आजही असतं. वाईट वाटून घेतलं असतं, पण बुजवलं असतं.

परत येताना एसटीच्या टपावर हंडा बांधला, परात आत माझ्या पायांशी. कंडक्टर म्हणाला, “लगीन हाय व्हय?” आक्का म्हणाली, “व्हय.” आणि तिला जे हसू फुटलं ते मोहोळ गाव येईपर्यंत थांबेना. दादाही हसले. दिवाळीपासून घरात कुणी हसलं नव्हतं.

घरी आईनं भांडी बघितली आणि चिंच-मीठ घेऊन घासायला बसली. घासून लख्ख झाली तसं नाव आणखीच उठून दिसायला लागलं. दाजींचं नाव, त्यांच्या वडलांचं नाव, मुक्काम पोस्ट, तालुका माढा. आई म्हणाली, रोज पीठ मळताना हे डोळ्यांपुढं येणार का पोरीच्या? दादा म्हणाले, बुजवनार न्हाय. नावाला हात लावायचा न्हाय ह्यावरच त्या बाईनं भांडी सोडली, आनि मानूस जिता हाय. मला एकदम सुचलं. म्हटलं, मी अरबीत आक्काचं नाव घालते, दुसऱ्या बाजूनं! ह्या वेळी बरोबर उजवीकडून. शकुंतला, आणि शेवटी ‘तिची’. मी छिन्नी घ्यायला धावलेसुद्धा. आक्कानं मला हाताला धरून थांबवलं. “तू शिकलीस त्याचं मला लई कवतिक हाय. पर मला वाचता येत न्हाय ते माज्या परातीवर कशाला? सगळ्यास्नी वाचता आलं पायजे.” मी हिरमुसले. पण तिचं बरोबर होतं, आणि दुसऱ्या दिवशी आपांना सांगितलं तेव्हा आपाही म्हणाल्या, “सही बोली. माझ्या देगचीवर पण मी माझं मलाच वाचता येईल असं घातलं की.” आणि सबक पुढं सुरू झाला.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या संध्याकाळी दादांनी पडवीत गोणपाट अंथरलं. पलीकडचे माग नुकतेच थांबले होते. परात मांडीवर घेऊन तिची कोरी बाजू त्यांनी वर फिरवली, धोतराच्या सोग्यानं पुसली. आक्का समोर उभी. दादांनी मान वर केली, आणि अनोळखी गिऱ्हाइकाला विचारावं तसं, अगदी बाजारातल्या आवाजात विचारलं, “बाई, नाव काय घालू?”

आक्का म्हणाली, “शकुंतला.”

“म्होरं?”

“म्होरं काय न्हाय.”

दादांनी परातीवर वीत टाकून जागा मोजली. मग म्हणाले, “मग जागा लई हाय. मोटं घालतो.” आणि त्यांनी हातोडी उचलली.